शून्य उंचीची चित्रं

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकतो. शनिवार होता, दुपारचे अडीच वाजले होते आणि खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. अंधार असल्याशिवाय ज्यांना भीती वाटत नाही, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

जिच्यावर ही वेळ आली ती माझी सख्खी मावसबहीण. लोकांच्या बिघडलेल्या फाईली दुरुस्त करणं हा तिचा धंदा. ताई थापा मारणाऱ्यांतली नाही. हे सगळं मी तिच्या तोंडून तीनदा ऐकलंय, आणि तिन्ही वेळा एका शब्दाचा फरक पडलेला नाही.

फोन आला तो तिच्या धाकट्या दिराचा.

"वहिनी, जेवलीस का?"

"तू जेवणाचं विचारतोयस म्हणजे काहीतरी मोडलंय. बोल."

पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो तीन आठवड्यांपूर्वी तपासनीस म्हणून लागला होता. तडा गेलेला किंवा वाकडा भाग सापडला की त्याचा फोटो काढायचा आणि तक्त्यात नोंदीशेजारी चिकटवायचा, हे काम. फाईल आधीच्या तपासनीसाने बनवलेली. त्याला दुसरीकडे नोकरी लागली म्हणून तो सोडून गेला, असं दिराला सांगितलं होतं.

"फाईल उघडते, आणि दोन मिनिटांत म्हणते मेमरी पुरत नाही. मग बंदच पडते. सोमवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला येणार आहेत, वहिनी. फाईल दिसली नाही तर मला घरी बसावं लागेल."

"येते. तोवर कशाला हात लावू नकोस. मला ठाऊक आहेत तुझे हात."

कारखान्याला सुट्टी होती. शेडमध्ये माणसाच्या तिप्पट उंचीचे सहा प्रेस ओळीने गप्प उभे होते. शेडचा मेन स्विच खाली ओढून त्याला कुलूप घातलेलं. ऑफिसची वीज तेवढी वेगळ्या लाईनवर चालू. ऑफिस म्हणजे शेडच्या कडेला काचेची एक खोली.

किल्ल्या घेऊन फोरमन आला होता. पन्नाशीचा, हळू बोलणारा. उजव्या हाताची तर्जनी अर्ध्यावरच संपलेली.

"मॅडम, तेवढी उघडून द्या. बाकी आत काय आहे ते बघत बसू नका," तो म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

ताईने आधी फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर घेतली. मग नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. बाकी सगळे प्रोग्राम बंद केले. संगणकात मेमरी भरपूर होती. फाईलबरोबर आपोआप सुरू होणारे जोड-प्रोग्राम बंद ठेवून ती उघडून पाहिली. खाली लाखभर रिकाम्या ओळी उगाच गुंतून बसल्या होत्या, त्या काढल्या.

तरी तेच. मेमरी भरत चालली. निम्मी. पाऊण. पूर्ण.

"नोंदी किती आहेत रे?"

"आठशेच्या आसपास."

"आठशे नोंदींना एवढी मेमरी लागत नाही."

शेरे लिहायच्या रकान्यात मात्र एक वाक्य पुन्हा पुन्हा होतं. 'चार नंबरच्या प्रेसची सुरक्षा बंद आहे.' दर आठवड्याला, त्याच शब्दांत. मग चार महिन्यांपूर्वीच्या एका तारखेनंतर ते वाक्य येणं थांबलं होतं.

ताईने शीटवरच्या चित्रांची यादी उघडली.

यादी संपेचना...

एकसष्ट हजार चित्रं. आणि शीटवर दिसत होती जेमतेम आठशे.

"हे बघ," ती दिराला म्हणाली. "ओळी कॉपी केल्या की चित्रंही कॉपी होतात. ओळ पुसली तरी चित्र जात नाही. त्याची उंची शून्य होते, इतकंच. चेपून बसतं. दिसत नाही, पण मेमरी खातं. खूपदा होतं असं."

"म्हणजे सगळी पुसली की झालं?"

"झालं. पण एखादं कामाचं असेल तर? दोन-चार बघून घेऊ."

यादीतल्या शेवटच्या पन्नासांपैकी एक तिने निवडलं आणि उंची वाढवली.

करड्या रंगाचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा. त्याच्या मधोमध तेलाचा एक थेंब.

पुढचं उघडलं. तोच ठोकळा. थेंब किंचित मोठा.

पुढचं. थेंब आणखी मोठा...

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

दीर पडद्याजवळ वाकला. "प्रेसचा वरचा साचा आहे, वहिनी," तो म्हणाला. "पण असा फोटो काढताच येत नाही. असं दिसायला माणूस खाली, साच्यात, उताणा पडलेला हवा."

ताईने आणखी एक मोठं केलं. आता कडेला बाहेरचं थोडं दिसत होतं. हिरवी दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे चालवणाऱ्याचा हात चुकूनही आत राहत नाही. इथे एक बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलं होतं.

दुसऱ्यावर एक हात होता.

तर्जनी अर्ध्यावर संपलेली...

मागे दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला.

फोरमनने हातातले चहाचे कप शांतपणे टेबलावर ठेवले. पडद्याकडे पाहिलं. मग दिराच्या मानेवर हात टाकला आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज ताईला स्पष्ट ऐकू आला. कीबोर्डवर रक्त सांडलं.

"पुसा," तो ताईला म्हणाला. आवाज तितकाच हळू होता.

ताई उठायला गेली. त्याने लोखंडी पट्टी उचलून दिराच्या कानामागे धरली.

"आधीच्या तपासनीसालाही तीन वेळा सांगितलं होतं, ती नोंद काढ म्हणून. ऐकलं नाही. साच्यात अडकलेला पत्रा काढायला वाकला, तेव्हा मी होतो बटणापाशी. तुम्ही तरी ऐका. सगळी पुसा."

ताईने सगळी चित्रं निवडली आणि पुसली.

क्षणभर पडदा पांढरा झाला. मग फाईल सुरळीत चालू लागली. मेमरीचा आकडा खाली आला. पार खाली.

फोरमनने श्वास सोडला.

तेवढ्यात शेडमधून आवाज आला...

धप्प.

कपातला चहा हलला.

तिघेही काचेकडे बघत राहिले. ओळीतल्या चौथ्या प्रेसचा साचा वर जात होता. मोटारीची घरघर नाही. दिवा नाही. नुसता वर जात होता, आणि वर जाऊन थांबला.

धप्प.

"मेन बंद आहे," फोरमन म्हणाला. स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग त्याने दिराची कॉलर धरली. "कोणाला आणलंयस बरोबर? कोण आहे तिथे?"

दिराला बोलता येत नव्हतं. फोरमनने कडी काढून त्याला तसाच फरफटत शेडमध्ये नेलं. ताई मागून धावली.

चार नंबरपाशी कोणी नव्हतं. हिरवी बटणं आपोआप आत जात होती आणि बाहेर येत होती. आधी एक. मग दुसरं. मग दोन्ही एकदम...

फोरमन थांबला. त्याने एक नाव घेतलं, एकदाच, विचारल्यासारखं. साचा वर होता. फोरमन जरासा वाकला आणि आत बघू लागला.

आणि त्याचा उजवा हात आत ओढला गेला.

लोटला गेला नाही, घसरला नाही. ओढला गेला. एका झटक्यात खांद्यापर्यंत. त्याने डाव्या हाताने दिराचं मनगट पकडलं, आणि दीरही पुढे खेचला गेला.

धप्प.

वाळकं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. फोरमन लगेच ओरडला नाही. साचा वर गेल्यावर त्याने आपला हात पाहिला. तिथे हात म्हणावं असं काही उरलं नव्हतं. चेपलेलं, पसरलेलं, बाहीच्या कापडात मिसळलेलं काहीतरी होतं. मग तो ओरडला.

त्याला आणखी आत ओढलं गेलं. आता खांदा. मग मान.

त्याची डावी मूठ दिराच्या मनगटावरून सुटेना. ताईने दिराच्या कमरेला मिठी मारली, प्रेसच्या पायाला टाच लावली आणि सगळा जोर लावला. दिराचा हात तसूभरही मागे येईना. आतली ओढ वाढतच होती. दिराची बोटं साच्याच्या कडेवर पोहोचली.

धप्प.

फोरमनचं ओरडणं मधेच तुटलं. ताईच्या तोंडावर गरम शिंतोडे उडाले. दिराची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

आणि त्याच वेळी...

ताईच्या कमरेवर मागून दोन हात आले.

तिने वळून पाहिलं नाही. पण हात होते. गार. त्यांना जाडीच नव्हती. दोन पत्रे कमरेला आवळावेत तसे. तिला एक जबर हिसका बसला, त्याच क्षणी फोरमनची मूठ सुटली आणि ती दोघं जमिनीवर आपटली.

प्रेस थांबला नाही. दिराच्या हाताला ओढणी गुंडाळत असताना ताईने मोजलं, कारण मोजलं नसतं तर ती बेशुद्ध पडली असती. एकूण अकरा वेळा. अकराव्या वेळेनंतर साचा खालीच राहिला.

पोलीस आले. मेन स्विच खाली होता. कुलूप शाबूत. त्याची किल्ली वायरमनच्या खिशात, आणि तो आपल्या घरी जेवायला बसलेला. प्रेस बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दोन दिवस तपासत होता. तो म्हणाला, तेल गळलं तर साचा आपोआप खाली येऊ शकतो. एकदा. पण वर जायला मोटार लागते, आणि मोटार गार होती.

आधीचा तपासनीस दुसऱ्या नोकरीवर गेला नव्हता. चार महिन्यांपूर्वी याच प्रेसमध्ये तो चिरडून मेला होता. कारखान्याने त्याचीच चूक दाखवून प्रकरण मिटवलं होतं. ही मिटवामिटव दिराला इस्पितळात कळली.

ताईने पोलिसांना पेनड्राईव्ह दिला. त्यांनी फाईल तिच्यासमोर उघडली. ती एका क्षणात उघडली. आत आठशे चित्रं होती, सगळी तडा गेलेल्या भागांची. बाकी काहीच नव्हतं.

दिराचा हात आता बरा आहे. तीन बोटांनी तो गाडीही चालवतो. त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही, आणि ताईच्या घरी कोणी विचारत नाही.

ताईने मला शेवटी जे सांगितलं ते तिने पोलिसांना सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी तिने आरशात पाहिलं तर कमरेच्या दोन्ही बाजूंना काळेनिळे वळ होते. पुढे चार-चार बोटं, मागे अंगठे. स्पष्ट.

"मग त्याने तुला ओढून काढलं की," मी म्हणालो. "वाचवलं त्याने तुम्हाला."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "पण मी करून बघितलंय. मुलीला समोर उभं करून, तिच्या कमरेला मागून हात लावून. माणसाला मागे ओढताना हात असाच बसतो..."

"मग?"

"पुढे ढकलतानाही असाच बसतो."