भुंग्याच्या कानातला शब्द

ही हकिगत खरी आहे. देवापुढं दिवा लावून लिहायला बसले आहे, त्यामुळं पदरचं एक अक्षर घालणार नाही.

सन एकोणीसशे चौतीस. कार्तिक सरत आला होता. गाव निरवांगी, तालुका इंदापूर. वेळ दिवेलागणीची.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात जे झालं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण आधी भुंग्याबद्दल सांगायला हवं.

भुंग्या आमचा कुत्रा. अंगानं काळा कुळकुळीत, छातीवर पांढरा ठिपका. आमच्या घरात पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता. कालव्याचं पाणी आलं तशी मेंढरं कमी झाली आणि वांगी, कांदे, पेरू आले. तरी यांनी थोडी मेंढरं ठेवली होती, आणि त्यांच्या राखणीला भुंग्या.

यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी. त्यांचं नाव मी घेत नाही.

सासऱ्यांच्या वेळी चोरांनी कुत्र्याला विष घातलेलं मटण टाकलं होतं. कुत्रा मेला आणि त्याच पहाटे निम्मा कळप गेला. ते यांनी लहानपणी पाहिलेलं. म्हणून भुंग्या पिल्लू असतानाच यांनी त्याला एक वळण लावलं. भाकरी समोर ठेवायची. तो लाळ गाळत बसायचा, पण तोंड लावायचा नाही. मग हे त्याच्या उजव्या अंगाला उकिडवे बसत, दोन बोटांनी त्याचा उजवा कान उचलत, तोंड कानाशी नेत आणि एक शब्द सांगत.

तो शब्द ऐकला की भुंग्या खायचा. त्याशिवाय नाही. मी घातलं तरी नाही.

तो शब्द कोणता, ते मला कधीच कळलं नाही.

मी विचारलं होतं. हे हसले. म्हणाले, "तुला सांगितला की सिंधुबाईला कळंल. सिंधुबाईला कळला की इंदापूरच्या बाजारात दवंडीच!"

शेजारची सिंधुबाई कुंपणापलीकडूनच ओरडली, "ऐकलं बरं का, कुंडलिकभावजी! मला काय करायचाय तुमचा कुत्र्याचा मंतर?"

असे दिवस होते.

माझा रोजचा नेम असा. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा, जप, मग दारच्या मुक्या जिवाला घास, आणि त्यानं खाल्ल्यावर माझं पान. दिवसातून एकदाच जेवायचं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, त्याच्याआधी आपण जेवू नये, असं माझ्या आईनं सांगितलं होतं. म्हणून हे शेतातून वेळेवर येत. भुंग्याला शब्द देत. मग माझ्याकडं बघून म्हणत, "चल, तुझीबी सुटका झाली."

त्या कार्तिकात यांना हिवताप आला. कालव्याकाठी तो घरोघर असायचाच. पण यांचा उतरला नाही. शेवटी वाचा बसली.

हे गेले.

तो शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

सुतकात माझा नेम थांबला होता. मी कोपऱ्यात बसून होते. भुंग्याकडं माझं लक्षच नव्हतं. दहाव्याच्या दिवशी नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते... एकही खाली उतरला नाही.

यांचे चुलतभाऊ जोतीराम विधीला बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "शेत सांभाळू. मेंढरं सांभाळू. वहिनीला अंतर देणार न्हाय."

कावळा हलला नाही.

मी हात जोडून म्हटलं, "भुंग्याला सांभाळीन."

एक कावळा फांदीवरून उडाला, पिंडाजवळ उतरला... आणि परत वर गेला.

अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. सगळे मान खाली घालून घरी आले.

घरी आले तेव्हा मी भुंग्याला नीट पाहिलं. बरगड्या मोजता येत होत्या.

म्हातारे तात्याबा त्याच्याजवळ बसले होते. त्यांचं सारं आयुष्य मेंढरं आणि कुत्री यांच्यातच गेलेलं. त्यांनी भुंग्याचा ओठ वर करून दाखवला.

"हिरड्या बघ पोरी, पांढऱ्याफटक. पाणी पितोय, पर अन्न पोटात न्हाय."

सिंधुबाई म्हणाली, "पिसाळलं तर न्हाय ना? त्या परास मारून टाका."

"पिसाळलेलं पाण्याला भितं, बाई," तात्याबा म्हणाले. "ह्यो पिसाळला न्हाय. ह्यो वाट बघतोय."

तात्याबांनी त्याचा कान धरून किती शब्द सांगितले! 'खा' म्हणाले, 'घे' म्हणाले, 'येळकोट' म्हणाले. यांच्या आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं. मी दुधात भाकरी कुस्करली. बांबूच्या नळ्यानं पेज घशात ओतली. त्यानं ती खाली मान घालून, अगदी हळूच, ओकून टाकली. माझी माफी मागावी तसं माझ्याकडं बघितलं.

"लई चांगलं शिकिवलं कुंडलिकानं," तात्याबा उठता उठता म्हणाले. "इतकं चांगलं शिकवू नये जनावराला."

सगळे आपापल्या घरी गेले.

अंगणात मी आणि तो, दोघंच.

सुतक फिटलं होतं, म्हणून मी नेमाला लागले. दिवा लावला. जप केला. भाकरी त्याच्यापुढं ठेवली आणि पायरीवर बसले. मनात म्हटलं, तू जेवणार नाहीस तर मीही जेवत नाही. मला तरी कुणासाठी जेवायचंय?

वारा पडला होता. शेजारची जाती, भांडी, पोरांची रड... सगळं एकाएकी थांबलं. गोठ्यातली मेंढरं रवंथ करायची थांबली.

भुंग्यानं मान वर केली.

फाटकाकडं बघितलं. शेपूट हलली... एकदा. मग जोरजोरात.

फाटक बंद होतं. वाटेवर कुणी नव्हतं.

आणि मग...

भुंग्याचा उजवा कान अलगद वर उचलला गेला.

कुत्रं आपला कान टवकारतं तसा नाही. दोन बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा. टोक दुमडलेलं. कानातले बारीक केस हलले... कुणीतरी तोंड जवळ नेऊन बोलावं तसे.

मला काहीच ऐकू आलं नाही.

कान खाली पडला.

भुंग्या भाकरीवर तुटून पडला.

मी ओरडले नाही. पळाले नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हात जोडले. भुंग्या खाऊन फाटकापर्यंत गेला, वाटेकडं बघत जरा वेळ उभा राहिला, आणि परत येऊन माझ्या पायाशी निजला.

त्या दिवशी मी जेवले.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्याही.

मग रोजच.

भुंग्याच्या अंगावर मांस चढलं. तकाकी आली. तात्याबांनी विचारलं, "गवसला का शब्द?" मी नुसती मान हलवली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. मी दिवसभर त्या वेळेची वाट बघायचे. अंगण सारवून ठेवायचे. त्यांना आवडायची तसली भाकरी करायचे, कडेला जरा करपलेली. त्यांची मेंढरं कशी आहेत, पेरूला किती बहर आलाय, ते पायरीवर बसून सांगायचे.

उत्तर कधी आलं नाही.

माझ्या अंगाला कधी वाराही लागला नाही. पायरीकडं कधी पाऊल वळलं नाही. ते येत, भुंग्याचा कान धरत, आणि जात.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्याशीबी एक शब्द बोला की."

भुंग्याचा कान नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच वर धरलेला राहिला... मग खाली पडला.

त्या रात्री मी फार रडले. नवरा रोज दारात येत होता, आणि तरी मी एकटीच होते.

माघात माझा धाकटा भाऊ महिपती बावड्याहून मला न्यायला आला. लाडानं मी त्याला दादाच म्हणते. संध्याकाळी ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. मी नेहमीसारखी भाकरी ठेवली, आणि नेहमीसारखा भुंग्याचा कान वर झाला.

त्याच्या हातातली तंबाखू तशीच खाली सांडली.

तो म्हणाला, "आक्का... हे कवापासनं?"

"दहाव्यापासनं."

"आन् तू गप ऱ्हायलीस?"

"भुंग्या जगतोय, दादा."

"आन् दाजी?" त्यानं फाटकाकडं बोट केलं. "दाजींनी किती दिस दारात हुबं ऱ्हायचं? एका कुत्र्यापायी माणूस अडकलाय, आक्का. उनात-पावसात, ना घरात ना वाटंवर. तुला दिसत न्हाय का?"

मला दिसत होतं. पण त्यांना सोडवलं तर भुंग्याला कोण जेवू घालणार? भुंग्या गेला तर या अंगणात माझ्याकडं मान वर करून बघणारं दुसरं कोण होतं?

मी देवापुढं बसले. पोथी उघडली, पण अक्षर लागेना. एवढंच कळत होतं की मी ज्यांच्या नावानं कुंकू लावलं, ते दारात ताटकळत होते, आणि त्यांना जा म्हणणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

सकाळी मी दादाला म्हटलं, "उद्या गाडी जुंप."

नरसिंगपूरच्या संगमावर पुन्हा विधी करायचा ठरला. जोतीरामभावजींना बोलावलं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भुंग्याचा कान वर झाला तेव्हा मी पायरीवरूनच म्हटलं, "आता तुमी जा. माझी काळजी करू नका. याचं काय व्हायचं ते खंडोबा बघंल."

भुंग्या त्या दिवशी फाटकाशी फार वेळ उभा राहिला.

भुंग्याला तात्याबांच्या हवाली करून आम्ही निघालो. बावड्याला मुक्काम केला आणि सकाळी संगमावर पोचलो. नीरा आणि भीमा दोन्ही शांत होत्या. भावजींनी पिंड ठेवला. हात मागं घेतलाही नव्हता... कावळा उतरला. घास घेऊन सरळ पाण्यावरून पलीकडं गेला.

दादा रडत रडत हसला. "सुटलं, आक्का! दाजी सुटलं!"

मला तिथंच जाणवलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. ते खरंच गेले होते. याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

परतीची वाट मला सरत नव्हती.

निरवांगीला आलो तेव्हा दिवेलागण होत होती. तात्याबा फाटकात उभे होते.

"तू गेल्यापासनं शिवला न्हाय अन्नाला," ते म्हणाले. "आता काय आस धरू नगंस, पोरी."

भुंग्या उठून माझ्याकडं आला. पायाला अंग घासलं. मी हातपाय धुतले, दिवा लावला, भाकरी केली. माहीत असूनही केली. नेम होता.

भाकरी त्याच्यापुढं ठेवली. तात्याबा आणि दादा ओट्यावर. मी पायरीवर, घराच्या दाराकडं पाठ करून.

भुंग्या फाटकाकडं बघत बसला.

कुणी आलं नाही. शेपूट हलली नाही. उजवा कान होता तसाच.

तात्याबांनी सुस्कारा सोडला. "जाऊ दे. सुटला बिचारा कुंडलिक."

मी भुंग्याला जवळ घ्यायला उठणार...

तेवढ्यात घरातला, देवापुढचा दिवा विझला.

वारा नव्हता.

माझ्या पाठीमागून, उघड्या दारातून, काहीतरी थंड माझ्या खांद्याला घासून बाहेर गेलं.

इतक्या महिन्यांत हे कधी झालं नव्हतं. ते कधी घरात आलेच नव्हते.

भुंग्यानं मान वळवली. फाटकाकडं नाही... माझ्याकडं. माझ्या बाजूला. त्याची शेपूट पोटाखाली गेली. तो जमिनीला चिकटला.

आणि त्याचा कान वर उचलला गेला.

डावा कान.

तात्याबा पुटपुटले, "कुंडलिक डावा कान कधी धरत नव्हता..."

कानातले केस हलले. बराच वेळ हलत राहिले. एका शब्दाला एवढा वेळ लागत नाही.

कान खाली पडला.

भुंग्यानं भाकरी खाल्ली. सावकाश, डोळे मिटून, थरथरत. खाऊन झाल्यावर तो फाटकाकडं गेला नाही. कुंपणाला पाठ लावून बसला आणि घराच्या अंधाऱ्या दाराकडं एकटक बघत राहिला.

दादा त्याच पावली मला बावड्याला चल म्हणाला. पण भुंग्याला तिकडं नेलं तर तो खाईल का? इथं ठेवून गेले तर कोण बघेल? मी गेले नाही.

आता चार-साडेचार वर्षं झाली. भुंग्या म्हातारा झालाय, तोंडाचे केस पिकलेत. पण प्रकृतीनं चांगला आहे. रोज खातो. तात्याबा परवा म्हणाले, "येवढं जगलेलं कुत्रं म्या बघितलं न्हाय." आणि उठून गेले. दिवेलागणीनंतर ते आमच्याकडं थांबत नाहीत. सिंधुबाईही कुंपणापलीकडून बोलत नाही.

मी खूप विचार केला. तो शब्द यांनी कुणाला सांगितला नव्हता. आजारपणात यांची वाचा बसली ती बसलीच. मग आता रोज येतं त्याला तो कुठून कळला? आणि यांच्या उशाशी तेव्हा मी एकटीच होते...

निदान मला तसं वाटत होतं.

आताशा मी अंगणात भाकरी ठेवते आणि तोंड फिरवून जप करते. भुंग्या खाऊ लागल्याचा आवाज आला की आत येऊन माझं पान वाढून घेते. घरात मी आणि ताट, दुसरं कुणी नाही.

दोन्ही कान पदरानं घट्ट झाकून घेते.

मगच पहिला घास उचलते.