आरशाची सावली

मालिनी त्या दिवशी घरातून निघाली ती भाजी आणायला. वेणीमाधवने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, जोड्यात पाय घालता घालता सांगितलं, "दूधबाजारात निसार चष्मेवाल्याकडे माझं भिंग तयार असेल. येताना तेवढं घेऊन ये. आणि जपून आण."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि दुर्बिणीच्या बाबतीत त्याने तिला सांगितलेलं हे पहिलंच काम. एरवी ती गच्चीच्या जिन्यावर पाय ठेवायला गेली तरी 'नळीला धक्का लागेल' म्हणून खाली पिटाळायचा. कलेक्टर कचेरीतला कारकून माणूस, दिवसभर साहेबापुढे मान खाली घालून बसायचा. संध्याकाळी मात्र पंचवटीतल्या त्या भाड्याच्या बिऱ्हाडाच्या गच्चीवर सगळं आकाश याच्या मालकीचं. दुर्बीण त्याने देवळालीच्या छावणीत, विलायतेला घाईघाईने परत निघालेल्या एका गोऱ्या अंमलदाराच्या सामानाच्या लिलावात घेतली होती, आणि तेव्हापासून बायको म्हणजे दिवा लावणारी, जेवण झाकून ठेवणारी आणि वाट बघणारी बाई झाली होती. मूलबाळ नव्हतं. मालिनीला ताऱ्यांचं मोठंसं कौतुक होतं असंही नाही. त्याने एकदा आपणहून 'वर ये' म्हणावं, एवढीच तिची हौस होती.

पूल ओलांडून ती दूधबाजारात गेली. निसार मोठा बोलका माणूस. पितळी कड्यात बसवलेलं भिंग मलमलीच्या फडक्याने पुसत म्हणाला, "वहिनी, एक विचारू? माझ्याकडे येतो तो म्हणतो, मोठं दाखवा. दुर्बीणवाले तर विचारू नका, त्यांना चंद्रावरचे खड्डे मोजायचे असतात. तुमचे साहेब एकटेच उलट्या बाजूला चाललेत. डोळ्याकडचं भिंग शंभर पटीचं होतं, ते नको, साठ पटीचं द्या. मग साठाचं नको, तीस. आता हे बारा पटीचं. इतकं लहान करून बघतात तरी काय?"

"मला काय माहीत," मालिनी म्हणाली. "मी कधी पाहिलं नाही."

"त्यांना सांगा, याच्या खाली माझ्याकडे काही नाही. याच्या खाली उघडा डोळाच!" स्वतःच्याच बोलण्यावर निसार खूश होऊन हसला. मालिनीनेही हसून ते भिंग मेथीच्या जुडीखाली ठेवलं आणि घरी आली.

त्या संध्याकाळी, दिवेलागण नुकतीच झालेली, तर जिन्यावरून हाक आली. "मालिनी, वर ये. तुझ्यासाठीच करून घेतलंय ते."

बाई खुळी झाली. हातातली कणीक तशीच झाकून ठेवली, केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि जिना चढली. थंडीचे दिवस होते. नदीवरून गार वारा येत होता, घाटावरच्या आरतीच्या घंटा नुकत्याच थांबल्या होत्या.

"जास्त शक्तीचं भिंग नवख्याला झेपत नाही," वेणीमाधव सांगत होता. इतक्या मायेने तो कधी बोलला नव्हता. "त्यात आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो. तारा सापडत नाही, सापडला तर निसटून जातो. कमी शक्तीत मोठा तुकडा येतो. तू आपली सावकाश बघ."

आधी त्याने नदीपलीकडचं देऊळ दाखवलं. कळस खाली, पायऱ्या वर, पायऱ्यांवरचे दिवे डोक्यावर टांगलेले. मालिनीला हसू आवरेना. "दुर्बिणीतून सगळं उलटंच दिसतं," तो म्हणाला. मग नळी वर उचलून त्याने तिला कृत्तिका दाखवल्या. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात तिथे ओंजळभर दिसत होते, निळसर, थरथरते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ताऱ्यांमुळे नव्हतं, खांद्यावर त्याचा हात होता म्हणून होतं.

"आणखी काही दिसतंय का?" त्याने विचारलं.

"नाही... हो, कडेला एक ठिपका आहे. काळा. तिळाएवढा."

खांद्यावरचा हात घट्ट झाला. "नक्की? नीट बघ... नक्की दिसतोय?"

"दिसतोय की. काय आहे ते?"

"काही नाही गं." वेणीमाधवने मोठा श्वास सोडला. "आतल्या छोट्या आरशाची सावली. फार कमी शक्तीचं भिंग लावलं की ती दिसते. घाबरायचं नाही." मग त्याने तिला बाजूला करून स्वतः डोळा लावला आणि कितीतरी वेळ पाहत राहिला. मग मान वर केली. "स्वच्छ," तो पुटपुटला. "सगळं स्वच्छ."

त्या रात्री तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना अबोलीची वेणी घेऊन आला. शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, "काय वहिनी, भावजी एकदम रंगात आलेत!" मालिनी लाजली. रोज संध्याकाळी तो तिला गच्चीवर बोलवायचा, नळी लावून द्यायचा आणि म्हणायचा, "तू बघ. मी इथे बसतो." स्वतः कठड्याला टेकून गुणगुणत बसायचा. नऊ वर्षांनी आपला नवरा आपल्याला मिळाला, असं तिला वाटलं. तिचं तसं वाटणं आठवलं की आजही वाईट वाटतं.

कारण ठिपका वाढत होता. आधी तिळाएवढा, मग हरभऱ्याएवढा. नळी कुठेही फिरवली तरी तो असायचाच. भिंगाला डोळा लावला की ओल्या राखेचा वास यायचा, चिता विझवल्यावर येतो तसा. आणि एका संध्याकाळी तिला कळलं की तो ठिपका नाही, कोणीतरी उभं आहे. पाठमोरं. बाई की पुरुष ते कळत नव्हतं. डोक्यावरून काहीतरी पांघरलेलं होतं, हात दिसत नव्हते. पलीकडचं देऊळ कळसावर उभं होतं, दिवे वर टांगलेले होते, आणि ते मात्र सरळ, दोन पायांवर उभं होतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी जवळ होतं. तोंड न फिरवता, पाठ आपल्याकडे ठेवूनच ते मागे मागे येत होतं.

"ती सावली मोठी होतेय हो," तिने सकाळी सांगितलं.

वेणीमाधव आरशापुढे भांग पाडत होता. "तुझ्या डोळ्याला सवय नाही. बघत राहा."

"तिला पाठ आहे."

फणी क्षणभर थांबली. "सावलीला कसली आलीय पाठ?" तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

मालिनीने आपल्या परीने विचार केला. समईवर डाग पडला तर आपण घासतो. आतला आरसा मळला असेल, म्हणून सावली पसरली असेल. दुपारी तिने दुर्बिणीची पेटी उघडली, धोतराचं मऊ फडकं घेतलं, आणि जपून, श्वास रोखून दुर्बिणीची दोन्ही टोकं फिरवून काढली. एका टोकाला मोठं भिंग, दुसऱ्या टोकाला निसारचं छोटं. मध्ये नुसती पोकळ नळी. नळीतून शेजारच्यांची वाळत घातलेली लुगडी दिसत होती. आरसा कुठेच नव्हता.

आपल्या हातून आरसा पडला! तिने चटई झटकली, पेटी उपडी केली, जिन्याच्या पायऱ्या हाताने चाचपल्या. काही सापडलं नाही. आत्ता कुठे माणूस हसून बोलायला लागला होता, आणि आपण त्याच्या जिवाभावाच्या वस्तूचं वाटोळं केलं. नळी जुन्या शालीत गुंडाळून ती जवळजवळ धावतच दूधबाजारात गेली.

"निसारभाई, एक छोटा आरसा बसवून द्या. यांना कळायच्या आत..."

निसारने नळीत डोकावून पाहिलं आणि तो मोठ्याने हसला. "आरसा? वहिनी, आरशाच्या दुर्बिणी वेगळ्या असतात, पिंपासारख्या जाड. ही भिंगांची. हिच्यात आरसा कधीच नव्हता. साहेबांना पक्कं ठाऊक आहे, इथेच बसून त्यांनी मला दोन्हींतला फरक समजावला होता."

"मग सावली कसली पडते?"

"कसली सावली?"

मालिनीने सांगितलं. ठिपका, वास, पाठ, सगळं. निसार हसत हसत ऐकत होता. ते सरळ पायांवर उभं असतं, असं ती म्हणाली तेव्हा मात्र त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"सुलटं दिसतं? देऊळ उलटं आणि ते सुलटं?"

"हो."

"वहिनी..." त्याचा आवाज उतरला. "या दुर्बिणीतून जे जे येतं ते उलटंच येतं. सुलटं दिसतं, ते भिंगाच्या पलीकडून आलेलं नसतं."

"मग कुठून येतं?"

त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. नळी शालीत गुंडाळून त्याने तिच्याकडे सरकवली. आता त्या नळीला हात लावायचीही त्याची इच्छा दिसेना. "साहेबांनी मलाही बोलावलं होतं, दिवाळीच्या सुमारास. दोन-तीनदा निरोप आला. 'ये, शनी दाखवतो.' अब्बा बीमार होते, जमलं नाही... अल्लाची मेहेर."

"निसारभाई, बारापेक्षा कमी..."

"नाही वहिनी. सांगितलं होतं ना तुम्हाला. याच्या खाली उघडा डोळा."

पुलावर येईपर्यंत मालिनीला सगळं कळलं होतं. जितकी शक्ती कमी, तितकी वस्तू लहान दिसते, लांब वाटते. शंभर पटीत ते अगदी नाकासमोर आलं असणार, म्हणून त्याने साठ पटीचं भिंग घेतलं. ते लांब गेलं आणि पुन्हा मागे मागे येत जवळ आलं. मग तीस. त्यातही ते आलंच. बाराच्या खाली जागा उरली नाही तेव्हा त्याला बायकोची आठवण झाली. अबोलीची वेणी, खांद्यावरचा हात, 'तू सावकाश बघ', सगळं ते आपल्या डोळ्यातून तिच्या डोळ्यात लोटण्यासाठी होतं. पुलाच्या कठड्याला धरून ती उभी राहिली. रडावंसं वाटत होतं, पण संतापाने रडूही येईना.

संध्याकाळी तिने स्वतःच दुर्बीण गच्चीवर मांडली आणि त्याला बोलावलं.

"आज तुम्ही बघा."

"मी... मला नको. डोकं दुखतंय."

"एकदा. फक्त एकदा डोळा लावा."

वेणीमाधव मागे सरला. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरत गेला. संधिप्रकाशात त्याचं तोंड पांढरंफटक दिसत होतं, आणि तेवढ्याने तिला उत्तर मिळालं.

"तुम्हाला माहीत होतं."

कचेरीत अर्जदाराशी बोलावं तशा आवाजात तो म्हणाला, "मला चार माणसांत बसावं लागतं, मालिनी. साहेबापुढे उभं राहावं लागतं. तू काय... घरातच तर असतेस."

नऊ वर्षांत तिने आवाज चढवला नव्हता, आणि तेव्हाही चढवला नाही. भिंग फिरवून काढलं आणि कठड्यावरून खालच्या फरशीवर टाकून दिलं. काच फुटल्याचा आवाज आला. मग तिने सहज मान वर करून नदीकडे पाहिलं. देऊळ जागच्या जागी सुलटं होतं, दिवे पायऱ्यांवर होते. आणि अगदी खालच्या पायरीवर, पाण्याच्या कडेला, तिळाएवढं काळं काहीतरी उभं होतं. तिच्या डोळ्यांपुढे आता कसलंही भिंग नव्हतं.

चार-आठ दिवसांत ते नदीच्या अलीकडे आलं. मग गल्लीच्या तोंडाशी, म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली. मग जिन्याच्या वळणावर. दर वेळी पाठमोरं, दर वेळी अधिक उंच. घरात ओल्या राखेचा वास भरला. वेणीमाधवला तो येत नव्हता. बयाबाई एकदा म्हणाल्या, "आम्हालाही दाखवा की तुमचे तारे, एवढं काय ते लपवता!" मालिनी क्षणभर त्यांच्या स्वच्छ, हसऱ्या डोळ्यांकडे पाहत राहिली. ते यांच्या डोळ्यांत ढकलता आलं तर, हे तिच्या मनात आलंच नाही असं नाही. "भिंग फुटलं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी वेणीमाधव पाटावर जेवायला बसला होता. कंदील त्याच्यासमोर होता, त्याच्या पाठीमागे माजघराचा अंधार. मालिनी वाढत होती. आमटी वाढून तिने मान वर केली आणि तिचा हात तसाच राहिला.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"माझ्या मागे काय बघतेस?"

"सावली आहे," मालिनी शांतपणे म्हणाली. "आरशाची."

घास त्याच्या हातातच राहिला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. डोळे गच्च मिटून घेतले. कंदिलाची वात फुरफुरली. बाहेर गल्लीतून कोणीतरी टांगा हाकत गेलं आणि टापांचा आवाज हळूहळू विरला.

"मालिनी..." मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला. "अजून... पाठमोरंच आहे ना?"

"नाही," ती म्हणाली.

"मग... कोणाकडे बघतंय?"

मालिनीने त्याच्या पानात भात वाढला आणि वर तूप घातलं.