डाव्या दारावरचा पातळ रंग

पॉलिशचं मशीन घेणं म्हणजे मिक्सर घेण्याइतकंच सोपं असेल, अशा समजुतीत ती दुकानात शिरली. कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळणारी बाई ती, यंत्रांना बिचकणाऱ्यांतली नव्हती. पण फळीवरची मशीनं पाहून तिचं डोकं चक्रावलं. बाबा इस्पितळातून घरी यायचे होते. त्यांना आणायला जाताना त्यांची जुनी काळी गाडी लखलखावी, एवढीच तिची हौस.

दुकानदाराने शांतपणे समजावलं. एक मशीन नुसतं गरगर फिरतं. काम झपाट्याने उरकतं, पण नवख्या हातात रंग जाळून ठेवतं. दुसरं फिरता फिरता थोडं डुलतं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. शिकणाऱ्याने दुसरंच घ्यावं. तिला ते पटत होतं, तरी नजर पहिल्याकडेच जात होती. तेव्हा तो रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन बाहेर गाडीपाशी आला. बॉनेट, छत, डिकी, सगळीकडे आकडा ठीक आला. मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या खाली, तो थबकला. त्याने यंत्र पुसून परत टेकवलं.

"इथे कोणीतरी वर्षानुवर्षं घासलंय," तो म्हणाला. "रंग जेमतेम उरलाय."

ती गोंधळली. गाडी बाबांनी कोरी करकरीत घेतली होती आणि तिला पॉलिश म्हणून कधी लागलंच नव्हतं. तिने तसं सांगितलं. त्याने यंत्रावरचा आकडा तिच्यासमोर धरला. तिने दुसरं, डुलणारं मशीन घेतलं.

दुपारी गॅरेजचं शटर वर करून ती कामाला लागली. बॉनेटवर पॉलिशचे ठिपके दिले, पॅड टेकवला, मग बटण दाबलं. मनगटांत मुंग्या आल्या, पॉलिशचा उग्र गोडसर वास नाकात बसला. फडक्याने पुसलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे नाहीसे झालेले. ती स्वतःवरच खूश झाली. बाकीची दारंही मनासारखी झाली.

मागच्या डाव्या दारावर तिने पॅड नुसता फिरवल्यासारखं केलं आणि मशीन बंद केलं. हाताची थरथर थांबेना. कामाची सवय नाही, म्हणून असेल. तिने मशीन खाली ठेवलं आणि आधारासाठी दारावर तळहात टेकवला.

थरथर हातात नव्हती. दारात होती.

तिने प्लग काढला. शेजारी कुठे मोटार चालू आहे का, म्हणून कानोसा घेतला. इतर दारांना हात लावून पाहिला. ती गार आणि निश्चल होती. या एका दारात मात्र पत्र्यापलीकडून काहीतरी गोल गोल फिरत होतं. सावकाश, दाब देऊन, फडक्याने घासावं तसं.

तिने दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला काहीच नव्हतं, सीट रिकामी. थरथर थांबली.

दार लावलं. ती पुन्हा सुरू झाली.

तिने बाबांना फोन लावला. काय विचारायचं तेच तिला सुचेना. कशीबशी दाराची हकिगत सांगितली.

"मागचं डावं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"तिथे मशीन लावू नकोस. हाताने पूस, हलकेच." त्यांनी आवाज खाली आणला. "तू थांबलीस की थांबतं ना?"

"नाही, बाबा."

पलीकडे खाटेची कुरकुर ऐकू आली, ते उठून बसले होते.

"माझ्या वेळी थांबायचं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना घेऊन आली. वाटेत तिने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. ते पुढे तिच्या शेजारी बसले होते, थकलेले, हलके झालेले.

घरापाशी ते तिचा हात धरून उतरले. ती त्यांना पायरीकडे नेऊ लागली, पण ते वळले. मागचं डावं दार त्यांनी पूर्ण उघडलं आणि वडीलधाऱ्या माणसासाठी थांबावं तसे अदबीने बाजूला उभे राहिले.

तिला सीट रिकामीच दिसत होती.

गाडीचा मागचा डावा कोपरा, वजन उतरल्यावर उचलला जातो तसा, किंचित वर आला.



बाबांनी दार हळूच लावलं.