खिडकीकडच्या खाटेचा फोन

वॉर्ड कायमचा बंद होणार होता. तिथले फोन काढायचे, पुसायचे आणि खोक्यात भरायचे, एवढंच काम. तरी धाकट्याने ते आज-उद्या करत लांबवलं. कानशिलं पांढरी झाली तरी इस्पितळात सगळे त्याला धाकटाच म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊ इथेच फोनचं काम करायचा आणि यानं त्याच्याच हाताखाली ते उचललं होतं. मागच्या वर्षी दादा याच वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर गेला. तेव्हापासून धाकट्याचा पाय या मजल्याला लागला नव्हता.

भर दुपार होती. गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, पडदे उतरवलेले, पण औषधांचा वास अजून भिंतींना धरून होता. किल्ल्या द्यायला थांबलेल्या सिस्टरनी त्याला ओळखलं, बसायला स्टूल दिलं आणि त्या कपाटं आवरायला लागल्या. धाकट्याने टेबलावर नेटवर्कची छोटी पेटी ठेवली. तिच्यातूनच फोनला वीज मिळते आणि तिच्यातूनच त्याचं बोलणं जातं. एकेक फोन लावायचा, त्याच्या आतलं सगळं पुसायचं, काढून ठेवायचा.

फोनला तार लावताना त्याला दर वेळी दादाचंच बोलणं आठवे. "हे यंत्र म्हणजे झोपेतून उठलेलं पोर आहे बघ," दादा म्हणायचा. "मी कोण, माझा नंबर काय, सगळं विचारणार. ते सांगणारा सर्व्हर कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसतं, म्हणून साऱ्या तारांवर हाका मारत सुटतं. उत्तर आलं नाही की पुन्हा हाक. माणूस रुसतो रे, फोन रुसत नाही."

इथे पेटीला सर्व्हर जोडलेलाच नव्हता. प्रत्येक फोन उठे, पडद्यावर ‘शोधत आहे’ अशी अक्षरं येत आणि धाकटा त्याला पुसून टाके.

"तुमचे दादा त्या दिवशी फार वाट बघत होते तुमची," सिस्टर कपाटातूनच म्हणाल्या.

धाकट्याचे हात थांबले. मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. आत यंत्रं असल्यामुळे मोबाइल बाहेर ठेवायला लागायचे. दादांना भावाशी बोलायचं होतं, पण खाटेजवळच्या फोनमध्ये खरखर होती. म्हणून सिस्टरनी तार उपटून पुन्हा लावली, जे जगात सगळेच करतात. त्यानंतर फोन नुसता ‘शोधत आहे’ म्हणत बसला. मग आपल्या टेबलावरचा फोन काढून खाटेजवळ लावला, त्याचंही तेच झालं. वॉर्डात त्या एकट्या होत्या, खाली सांगायला जाणार कशा?

"ते हसत होते हो. म्हणाले, राहू द्या सिस्टर, धाकटा आज नवा सर्व्हर बसवतोय, सापडेल याला. रिसीव्हर छातीवर धरून पडून राहिले… शेवटपर्यंत."

त्या दुपारी तळघरात धाकटाच सर्व्हर बदलत होता. आधी सगळ्या फोनना नव्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा आणि मगच जुना बंद करायचा, हा दादाचाच नियम. हा मजला तेवढा राहिला होता. चालू फोनला आपली आठवण असते, ज्याची तार निघेल तोच नव्याने विचारेल. मग आज कोण तार काढतंय, असं म्हणून त्याने जुना सर्व्हर बंद करून टाकला. घाई कशाची, तर भेटीची वेळ संपायच्या आत दादाजवळ जाऊन बसायची. हात धुऊन वर आला तेव्हा दादाच्या तोंडावर चादर ओढलेली होती. फोन बंद पडले हे त्याला नंतर कळलं होतं. त्यातला एक दादाच्या हातात होता, हे आज कळलं.

शेवटचा फोन खिडकीकडच्या खाटेचा. त्याने तार लावली. ‘शोधत आहे.’ धाकटा पुसायचं बटण दाबणार, तेवढ्यात अक्षरं बदलली.

‘सापडला.’

खाली पत्ता उमटला. तो जुन्या सर्व्हरचा होता, ज्याचे सुटे भाग धाकट्याने स्वतःच्या हाताने भंगारात दिले होते. त्याने पेटीकडे पाहिलं. तिच्यात एकच तार होती, या फोनची. शेजारच्या रिकाम्या भोकावर मात्र हिरवा दिवा लुकलुकत होता, पलीकडून कुणी बोलत असावं तसा. मग फोनला नाव मिळालं. दादा सरावाच्या फोनला गंमत म्हणून द्यायचा, तेच.

‘धाकटा.’

आणि फोन वाजला. आवाज हळू होता, रात्रपाळीला ठेवतात तसा.

धाकट्याला हात पुढे करायचा होता. देवाशपथ करायचा होता. पण हात मांडीवरून हलेना.

"कोणाचा आहे…?" सिस्टरनी दबक्या आवाजात विचारलं.

"कोणाचा नाही," तो म्हणाला, आणि फोन थांबला. दिवा विझला. पडद्यावर पुन्हा तेच, ‘शोधत आहे.’ कितीतरी वेळ तो रिसीव्हर कानाला लावून नुसतं "दादा… दादा…" म्हणत राहिला. सिस्टरनी शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो फोन त्याने पुसला नाही. साहेबांना सांगून घरी आणला आणि पेटीसकट खिडकीत लावून ठेवला. कामावरून आला की तो त्याच्यापाशी बसतो. चहा तिथेच, जेवणही तिथेच. बायको आधी चिडली, मग बोलायची थांबली. फोन कधी वाजत नाही.

काल साखर आणायला तो कोपऱ्यावर गेला होता. परतला तेव्हा बायको खिडकीपाशी उभी होती, पदराचं टोक बोटांना गुंडाळत.

"वाजला होता," ती म्हणाली.

"उचललास?"

"हो. विचारत होते, धाकटा निघाला का."

त्याने साखरेची पुडी खिडकीत ठेवली.

"तू काय म्हणालीस…?"

"त्या दिवशी सकाळी त्यांचा वॉर्डातून फोन आला, तेव्हा मी म्हणाले होते तेच. तोंडातून निघूनच गेलं." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "म्हटलं, निघालेत. वाटेतच आहेत."