खिशात गेलेला आवाज

दुरुस्तीच्या दुकानाचं शटर बंद होतं आणि तिच्या कडेवर कॉम्प्युटर होता. नुसता डबाच, पण ओढणीत गुंडाळून तिने तो असा छातीशी धरला होता, की पायरीवर बुटाची नाडी बांधत बसलेला तरुण म्हणाला,

“ताप आलाय का बाळाला?”

ती हसली नाही. डोळे तेवढे डबडबले. तो गडबडीने उभा राहिला, नाडी तशीच लोंबती.

“सॉरी... काय झालं?”

“माझ्या हातून अप्पांचा आवाज गेला.”

अप्पा तिचे वडील. घशाच्या ऑपरेशनाआधी त्यांनी आपला आवाज कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवला होता. आता ते टाइप करत आणि कॉम्प्युटर त्यांच्याच खर्जात बोले, चहा मागे, तिला ‘चिमे’ म्हणून हाक मारी. सिस्टिम अपग्रेड करा, अपग्रेड करा, अशी रोजची भुणभुण होती. आज तिने हो म्हटलं. मग काळा पडदा... कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ... आणि समोर अप्पा, मुके, हातात पाटी घेऊन बसलेले.

“दुसरीकडे कॉपी?”

तिने मान हलवली. नाही.

“द्या तो डबा. मी सर्व्हर सांभाळतो—म्हणजे सांभाळायचो. उद्या सकाळच्या बसने नव्या नोकरीवर चाललोय.”

तिच्या घरी त्याने वायरी जोडल्या, खिशातला पेनड्राइव्ह लावला. “आतलं सगळं शाबूत दिसतंय. बूटलोडर म्हणून एक छोटा प्रोग्रॅम असतो. मशीन जागं झालं, की त्याला हाताला धरून आत नेतो. तोच अपग्रेडमध्ये वाट चुकलाय. नवा बसवतो.”

“आणि नाही बसला तर?” ती त्याच्या खांद्यावरून वाकली.

“असं कानाशी विचारू नका हो... हात थरथरतो.”

त्याने बटण दाबलं. मशीन विझलं. अंधार, अजून अंधार... तिच्या मुठी वळल्या. मग पडदा उजळला, अप्पांची बोटं धावली आणि खोलीभर खर्ज घुमला: “चिमे, डोळे पूस. पाहुण्याला चहा टाक.”

चहा पिताना त्याची नजर कपातून वर आली ती एकदाच, आणि नेमकी तिच्या नजरेला भिडून परत कपात बुडाली. निघताना त्याने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. दारात दोघंही उगाच थांबली. त्याचं नाव, नंबर—विचारायचं राहूनच गेलं. राहून गेलं, की धीर झाला नाही?

सकाळी तिने कॉम्प्युटर सुरू केला. काळा पडदा. ‘डिस्क सापडली नाही.’

अप्पांचे ओठ हलले, आवाज नाही. त्यांनी पाटीवर लिहिलं: “पळ.”

ती पळाली. बसथांब्यावर ही गर्दी! हाक मारावी तर नाव नाही, शोधावं तर चेहरा डोळ्यांतल्या पाण्यात विरघळलेला. गेला असेल तर? अप्पा कायमचे... आणि तो... तिने स्वतःलाच पुढे बोलू दिलं नाही. एवढ्यात सुटणाऱ्या बसच्या पायरीवर एक बूट दिसला. नाडी लोंबती!

“थांबा! आवाज परत गेला!”

त्याचा हात खिशाकडे गेला. पेनड्राइव्ह बाहेर आला आणि त्याचं तोंड उतरलं. “अरे देवा! बूटलोडर मशीनच्या डिस्कवर बसवायचा, तो मी ह्याच्यावर बसवला. आणि खिशात घालून निघालो!”

“तुम्ही तर सर्व्हर सांभाळता!”

“सर्व्हर कानाशी श्वास घेत नाहीत हो!”

“भाऊ,” कंडक्टर ओरडला, “एक पाय वर, एक पाय खाली! काय ते ठरवा!”

त्याने दोन्ही पाय खाली ठेवले.

घरी पेनड्राइव्ह लावताच मशीन जागं झालं. त्याने आधी आवाजाची कॉपी काढली. मग नीट पाहून, या वेळी बरोबर डिस्क निवडली. बोट बटणावर... आणि तिथेच अडलं.

“हे दाबलं की... मग माझं इथे काही काम उरत नाही.”

काल काळ्या पडद्यासमोर वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली. तिने आपलं बोट त्याच्या बोटावर ठेवलं आणि दाबलं.

“नकोच उरायला. कामासाठी येऊच नका. बिनकामाचे या.”

पेनड्राइव्ह काढला. पडदा विझला. तीन माणसं श्वास धरून बसली. त्याची बोटं तिच्या बोटांत कधी गुंतली, दोघांनाही कळलं नाही... अप्पांना कळलं. उजेड आला तेव्हा त्यांनी सावकाश टाइप केलं.

“बिनकामाच्या माणसा, आधी नाडी बांध, पडशील.” खर्ज जरा थांबला. “दुसरी बस दुपारी आहे. परतीची कधी, ते चिमीला सांगून जा.”

तो नाडी बांधायला वाकला. कान लाल झाले होते.

“रविवारी,” तो खालूनच म्हणाला. “प्रत्येक.”