मडगार्डवरचा पोचा

दार ढकलून तो आत आला आणि माझ्या टेबलावर, तीन कवळ्यांच्या मधोमध, त्यानं एक गाडी उभी केली. वीतभर लांब, काळी कुळकुळीत, जुन्या श्रीमंती दिमाखाची.

"पुढचा बंपर तुटलाय. जोडाल?"

"अहो, ही दातांची लॅब आहे! मी कवळ्या करते."

"म्हणूनच आलो. एवढा नाजूक हात दुसरा कुणाचा असणार?"

हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं की मी चढते, ही माझी जुनी खोड. ठेवून घेतली गाडी.

तो सर्व्हेअर. जमिनी मोजायचा, म्हणून मी त्याला 'मोजणीवाले' म्हणू लागले. रोज दुपारी बुटांना चिखल घेऊन 'नुसतं बघायला' यायचा. घरी अशा बावीस गाड्या होत्या म्हणे, सगळ्या जुन्या, ऐटबाज. ही काळी सर्वांत लाडकी, कारण तसलीच खरी गाडी त्याच्या बाबांनी मालकासाठी चालवली होती.

"झाला बंपर?"

"झाला असता... तुम्ही उजेड अडवला नसता तर."

"मग सरकतो."

"राहू द्या आता — सवय झालीय."

तो हसला. माझा चिमटा हातातून निसटला.

पाचव्या दिवशी बंपर बसला. पण माझे हात कुठले गप्प बसायला! डाव्या मडगार्डवर मोहरीएवढा पोचा दिसला. तो बुजवला, रंगाला रंग जुळवला, चकचकीत केला. स्वतःवरच खूश झाले.

त्यानं गाडी हातात घेतली आणि चेहराच उतरला.

"पोचा... कुठे गेला?"

"बुजवला! वरून फुकट!"

"बाबांनी तो मुद्दाम पाडला होता. खऱ्या गाडीला तिथेच होता."

गाडी रुमालात गुंडाळून, 'थँक्यू' म्हणून तो निघून गेला. त्यानं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

चार दिवस तो आला नाही. प्रेमात पडले होते मी, सरळ सांगते... आणि स्वतःच्याच हातानं माती केली होती.

रविवारी पत्ता शोधून माफी मागायला गेले. सुट्टी असूनही तो कामावर गेला होता. दार बाबांनी उघडलं. सगळं ऐकून ते खोकला येईपर्यंत हसले.

"अगं पोरी, खरी गाडी मी फाटकाला ठोकली होती! मालक वर्षभर बोलत होता. या छोटीवर पोचा पाडला तो पोराला हसवायला. त्यानंच डोक्यावर घेतला."

"पण ते रागावलेत ना?"

"स्वतःवर. एवढ्याशा पोच्यासाठी कसा वागलो, आता तिला तोंड कसं दाखवू, म्हणतो."

सोमवारी दुपारी मोजणीवाले हजर! हातात दुसरी गाडी, पांढरी, उघड्या टपाची.

"आरसा तुटलाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

मी गाडी भिंगाखाली धरली. तुटल्या जागी पकडीचे ताजे वळ होते.

"हा तुटलेला नाही. तोडलाय."

त्याचे कान लाल झाले. "...हो."

"वेड लागलंय का? स्वतःची गाडी मोडता?"

"यायला काहीतरी कारण हवं होतं. त्या दिवशी चुकलो... नुसतं येऊन सांगायची हिंमत होईना."

बावीस गाड्या जिवापाड जपणारा माणूस! माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"हे बघा मोजणीवाले, मला तुम्ही आवडता. झालं? आता गाड्या मोडायच्या नाहीत."

"हे मीच म्हणणार होतो —"

"मग म्हणा ना!"

"आवडता. फार आवडता."

मी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. आरसा धरा, दोघांचं काम आहे."

त्यानं आरसा धरला... आणि माझा हातही. त्या दुपारी आरसा काही बसला नाही.