भिंतीतले आकडे

केबल तुटली नसती, तर तो कधी वर आलाच नसता.

आमच्या धरणाच्या भिंतीच्या पोटात तीनशे साठ मापकं बसवलेली आहेत. पाणी भिंतीला किती रेटा देतंय, हे दर अर्ध्या मिनिटाला मोजायचं आणि वर आमच्या कार्यालयात पाठवायचं, हे त्यांचं काम. त्या सकाळी आकडे यायचे थांबले आणि तासाभराने तोच दारात उभा राहिला. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मेमरी कार्ड. भिंतीतल्या बोगद्यात दिवसातून दोनदा उतरून मापकं तपासणारा तो. सगळे त्याला भुयारी म्हणतात, एवढंच मला माहीत होतं.

"आकडे आणलेत. कुणाच्या हवाली करू?"

"माझ्या. पण हे आकडे नाहीत, हा मजकूर आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही सत्तेचाळीस आणलंय. संगणकाला त्यात फक्त चार हे अक्षर आणि सात हे अक्षर दिसतं. सत्तेचाळीस दिसत नाही. तसं करून द्यावं लागतं."

"मग त्याला दिसणार कधी?"

"दहा लाख ओळी आहेत. एकेक ओळ घेऊन बसतो तो... अडीच तास."

तो हसला. मग हसू तसंच ओठांवर ठेवून म्हणाला, "म्हणजे खाली मी असताना भिंतीला काही झालं, तर तुम्हाला अडीच तासांनी कळणार?"

मी मेमरी कार्ड संगणकात सरकवलं.

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला आणि चिखलाची पावलं उमटवत निघून गेला. त्याचा तो अडीच तासांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

"केबल दुरुस्त झाली ना?" मी विचारलं.

"झाली."

"मग?"

"मी कुठे झालोय अजून..."

मी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, ते त्याला दिसू नये म्हणून.

पण तो गेला की हसू टिकायचं नाही. दहा वाजता तो खाली उतरायचा, बाराला वर यायचा. ते दोन तास माझं कशात लक्ष लागायचं नाही. पडद्यावर ओळी सरकत असायच्या आणि मला वाटायचं, हे सगळं शिळं आहे. आत्ता, या क्षणी खाली काय चाललंय, ते मला ठाऊकच नाही. घरी ताईने ओळखलं. "जेवणात मीठ दोनदा पडलंय," ती म्हणाली. "कोण आहे?" मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, "कुणी नाही, त्याला घेऊन ये एकदा."

साहेबांकडे गेले. नवा प्रोग्रॅम लिहू का, विचारलं.

"जुना चाललाय ना? मग हात लावू नका," ते म्हणाले.

मी हात लावला. दुपारच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. कॉलेजात एक अ‍ॅरे भाषा शिकले होते. तिच्यात एकेका ओळीशी बोलायचंच नसतं, अख्ख्या तक्त्याशी एकदम बोलायचं. एकदा तो शेजारी खुर्ची ओढून बसला, तेव्हा त्यालाही दाखवलं.

"प्रत्येक अक्षराला संगणकात एक क्रमांक असतो. शून्य या अक्षराचा अठ्ठेचाळीस, एकचा एकोणपन्नास... तसंच पुढे. मग सगळ्या तक्त्यातून एकदम अठ्ठेचाळीस वजा करायचे."

"की अक्षराचा अंक झाला."

"हो. मग शतकाच्या रकान्याला शंभरने गुणायचं, दशकाच्या दहाने, एककाच्या एकाने. आडवी बेरीज. झालं."

"सगळ्या दहा लाखांना एकदम?"

"एकदम."

तो पडद्याकडे बघत नव्हता. "तुम्ही हे कुणासाठी करताय?" त्याने हळूच विचारलं.

"...धरणासाठी."

"धरण नशीबवान आहे," तो म्हणाला.

ज्या दिवशी तो प्रोग्रॅम पहिल्यांदा खऱ्या आकड्यांवर चालवला, त्या दिवशी साहेब बैठकीला बाहेरगावी होते. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. भुयारी खाली होता. मी कळ दाबली. अकरा सेकंद लागले. आणि कालच्यापेक्षा भलतेच वेगळे आकडे देणारी नऊ मापकं पडद्यावर लाल झाली.

मी ती पुन्हा मोजली. नऊ?

पहिल्याची मूळ ओळ उघडली. तिथे होतं उणे बारा, मी काढलं होतं उणे दोनशे अठ्ठ्याऐंशी. चूक माझीच होती. भिंतीच्या वरच्या कोरड्या भागातली मापकं शून्याखाली जातात, हे मी विसरले होते. वजाच्या चिन्हालाही मी अंक समजून गुणलं होतं. दुसरं मापक, तेच. तिसरं, तेच. एकेक लाल खूण खोटी ठरत गेली, आठपर्यंत. मला हायसं वाटलं, आणि रडूही आलं. इतके दिवस खपून हे केलं होतं तर.

मग नववी ओळ उघडली. तिथे वजाचं चिन्ह नव्हतं. काल शहाण्णव. आज पहाटे एकशे चाळीस. दहा वाजता तीनशे बारा. मी डोळ्यांनी अक्षरं वाचली, बोट ठेवून वाचली. तीन, एक, दोन. जागा – खालचा बोगदा, चौदावा भाग.

बोगद्यातल्या भिंतीवरच्या फोनला घंटा दिली. वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

बोगदा रिकामा करायच्या भोंग्याचं बटण साहेबांच्या खोलीत, काचेमागे. आठ वेळा चुकलेल्या प्रोग्रॅमच्या जिवावर ते दाबायचं? जुना प्रोग्रॅम शेजारी चालूच होता, साडेबाराला त्याने खात्री दिली असती. नोकरी जाईल, लोक हसतील... मनात सगळं येऊन गेलं. आणि नववा आकडा खरा असेल तर? मी साहेबांचा पेपरवेट उचलला आणि काच फोडली.

भोंगा वाजला. खालून माणसं धावत वर येऊ लागली. मी जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभी राहिले. सहा माणसं आली. त्यांत तो नव्हता. तेवढ्यात भिंतीच्या आतून एक दबका धक्का आला, पायांना जाणवेल एवढाच. पुढची चार मिनिटं कशी गेली, ते मला सांगता येणार नाही.

तो आला. छातीपर्यंत भिजलेला, एका म्हाताऱ्या फिटरला खांद्याचा आधार देत.

"चौदामधल्या निचऱ्याच्या नळाचं झाकण उडालं," तो धापा टाकत म्हणाला. "आम्ही दहा पावलं पुढे आलो होतो. फक्त दहा."

दुपारपर्यंत अभियंत्यांनी पाण्याला वाट करून दिली. भिंत शाबूत होती. साहेबांचा फोन आला. काचेचं काही बोलले नाहीत, "तो तुमचा प्रोग्रॅम उद्यापासून लावा," म्हणाले. "वजाचं तेवढं बघून."

प्रथमोपचाराच्या खोलीत तो घोंगडी लपेटून बसला होता. मी दाराशीच थांबले.

"आत या ना," तो म्हणाला. "एक सांगू? मी रोज घाबरतो. पहिल्या पायरीपासून. आजवर कुणाला सांगितलं नाही."

"का?"

"कुणी विचारलं नाही. आणि... सांगावंसं वाटेल असं कुणी नव्हतं."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. ती मी दोन्ही हातांत धरली, तेव्हा कळलं की माझीही तशीच आहेत.

"उद्या उतरशील?" मी विचारलं.

तो बघतच राहिला. मी त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं.

"उतरेन," तो म्हणाला. "तू वर असशील ना?"